जुनी जपानी गिटार: सॅडल घासायच्या आधी काय काय करायचं

जो येतो तो हेच सांगतो, "तारा फार उंच होत्या म्हणून सॅडल घासलं, आता खरखर येतेय." मी हसत नाही कारण मीही तेच केलं होतं. माझी ताकामिने कंपनीची गिटार, मामा बोटीवर होता त्याने जपानहून आणलेली, कितीतरी वर्षं इंदूरला रामबागेतल्या घरी पलंगाखाली पडून. ती मी ऑगस्टात बाहेर काढली, तारा बोटाला लागत नव्हत्या इतक्या वर, मग काय, सॅडल (ब्रिजमधली हाडाची पट्टी, जिच्यावर तारा टेकतात) उपटलं आणि दीड मिमी घासून टाकलं. एकदम लोणी. दिवाळीपर्यंत लोणीच होतं. मे उजाडला आणि सहावी, म्हणजे सगळ्यात जाड, तार अर्ध्या फ्रेटबोर्डवर खर्र खर्र करायला लागली.

कारण साधं आहे. पावसाळ्यात लाकूड ओल पितं, टॉप (गिटारीची पुढची फळी) फुगतो, ब्रिज (टॉपवर चिकटवलेला तुकडा, ज्यात तारा अडकवतात) वर उचलला जातो, तारा वर जातात. उन्हाळ्यात तेच लाकूड सुकतं, टॉप बसतो, तारा खाली येतात. मी फुगलेल्या गिटारीचं माप घेऊन हाड घासलं होतं, आणि घासलेलं हाड काही परत वाढत नाही. म्हणून आधी क्रम पाळा. सॅडल या यादीत जवळजवळ शेवटी आहे आणि ते मुद्दाम आहे.

## तयारी: हे हाताशी ठेवा

डिजिटल हायग्रोमीटर (हवेतला ओलावा मोजायला), स्टीलची पट्टी ज्यावर अर्धा मिमीच्या खुणा आहेत, फीलर गेज (बारीक फटी मोजायच्या पत्त्यांचा संच), मिमी मापाचा अ‍ॅलन की सेट, कॅपो, टॉर्च, कागदाच्या चिठ्ठ्या, मऊ सुती कापड. फीलर गेज म्युझिकच्या दुकानात शोधू नका, गाडीवाले वापरतात तेच, सियागंजात हार्डवेअरवाल्याकडे मिळतं. एक लांब सरळ पट्टी पण लागेल, अ‍ॅल्युमिनियमची असली तरी चालेल, फक्त खरंच सरळ आहे का ते काचेवर ठेवून बघून घ्या.

स्वस्त हायग्रोमीटर बरेचदा थापा मारतो. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, दोन-चार थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा (पाणी तरंगायला नको), मीटरसकट हवाबंद पिशवीत आठ-दहा तास ठेवा. आत ७५ टक्के दिसायला पाहिजे. ६९ दाखवला तर तुमचा मीटर सहाने कमी दाखवतो, त्याच्यावर चिकटपट्टी लावून तसं लिहून ठेवा आणि मोकळे व्हा.

## टप्पा १: तुमच्याकडे नक्की काय आहे

साउंडहोलमधून लेबल वाचा, आणि टॉर्चने नेक ब्लॉक (मान जिथे जोडते तिथला आतला लाकडी ठोकळा) बघा, तिथे शिक्का असू शकतो. यामाहाच्या जुन्या लेबलवर निप्पोन गाक्की असं नाव असतं कारण १९८७ पर्यंत कंपनीचं नावच ते होतं, पण नाव जपानी म्हणजे गिटार जपानातली असं नाही, यामाहाच्या एफजी मालिकेतल्या भरपूर गिटारी तैवानमध्ये बनल्या, लेबलवर तसं छापलेलं असतं. ताकामिनेच्या आठ आकडी नंबरात पहिले दोन आकडे साल आणि पुढचे दोन महिना. माझीचा नंबर ७८०५ ने सुरू होतो, म्हणजे मे १९७८. के. यायरी या जपानी कंपनीच्या गिटारींत ब्लॉकवर बरेचदा जपानी सम्राटाच्या कालगणनेतलं साल असतं, शोवा सालात १९२५ मिळवायचे, ५० असेल तर १९७५.

यापेक्षा महत्त्वाचं: टॉप एकसंध फळीचा आहे की प्लायचा. साउंडहोलच्या कडेला टॉर्च मारून बघा. वरच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरत असतील तर एकसंध. मधे सँडविचसारखे थर दिसले तर प्लाय. प्लाय ऐकून तोंड पाडू नका, यामाहाची एफजी-१८० प्लायचीच आहे आणि लोक तिच्यावर जीव टाकतात. फरक एवढाच की प्लाय ऋतूंना कमी भितो आणि एकसंध टॉपचे लाड जास्त करावे लागतात.

थांबा: हेडस्टॉकला (मानेचं टोक, जिथे खुंट्या असतात) आरपार लांबट खाचा, ब्रिजवर पिना नाहीत, तारा ब्रिजलाच गाठ मारून बांधलेल्या, फ्रेटबोर्ड चांगला पाच सेंटिमीटर रुंद, असं असेल तर ती क्लासिकल आहे. तिला नायलॉनच. अशा जपानी क्लासिकलवर स्टीलच्या तारा चढवलेल्या मी बघितल्यात, आणि ब्रिज उखडून आलेला पण बघितलाय.

## टप्पा २: आठ-दहा दिवस काहीच करू नका

हे कोणीच करत नाही. गिटार कुरियरने आली किंवा माळ्यावरून काढली की त्याच संध्याकाळी नवीन तारा, आणि पूर्ण ताण. असं नको. जुन्या तारा असतील तर एक पूर्ण सूर खाली उतरवून ठेवा, हायग्रोमीटर केसमध्ये ठेवा, आणि ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहील असं बघा.

आता इंदूरची गंमत. मे महिन्यात दुपारी माझ्या खोलीत मीटर वीसच्या खाली जातो, ऑगस्टात ऐंशीच्या वर. आणि मधे आपला कूलर. खस लावलेला कूलर सुरू केला की तासाभरात खोली दमट, रात्री बंद केला की पहाटे पुन्हा कोरडी. गिटारला एकवेळ सतत कोरडं किंवा सतत दमट सोसेल, पण हे रोजचं वरखाली तिला फोडतं. उन्हाळ्यात गिटार स्टँडवर कूलरसमोर ठेवलेली दिसली की मला कसंतरीच होतं. केसमध्ये ठेवा, आणि केस आतल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला न लावता.

केसमध्ये ओलावा द्यायला साबणाच्या डबीला भोकं पाडून आत स्पंजचा तुकडा, भिजवून घट्ट पिळलेला, एवढंच पुरतं. पिळलेला म्हणजे हातात दाबला तरी थेंब पडायला नको. एका मित्राने नुसता भिजवून ठेवला, तीन दिवसांनी मागच्या फळीवर पांढरा डाग.

जमत असेल तर सेटअपचं सगळं काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत करा. आपल्याकडे हवा मधलीच असते तेव्हा, ना फुगलेली ना वाळलेली, घेतलेलं माप वर्षभर बऱ्यापैकी टिकतं.

## टप्पा ३: आतून बाहेरून तपासणी

आधी ब्रिज. कागदाची चिठ्ठी घ्या आणि ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवून बघा. आत गेली तर ब्रिज सुटतोय. अर्धा मिमी आत जाऊन थांबली तर लक्ष ठेवा, दोन-तीन मिमी गेली तर तारा लगेच सैल करा आणि पुढचे टप्पे विसरा, आधी कारागीर.

मग पोट. ब्रिजच्या मागे टॉप थोडा फुगलेला असणं नॉर्मल आहे, तो तारांचा ताण आहे. पण ब्रिज पुढे झुकलाय आणि साउंडहोलकडे खड्डा पडलाय, तर आतली एखादी ब्रेस (टॉपला आतून आधार देणारी लाकडी पट्टी) सुटली असण्याची शक्यता. बोटाच्या पेराने टॉपवर जागोजागी हलकं टकटक करा, ठोस आवाज आला तर ठीक, कुठे फडफड किंवा चरचर आली तर तिथे पेन्सिलने नाही, कागदाच्या चिकटपट्टीने खूण करा.

आता मला आवडणारा भाग. तारा सैल करा, मोबाइलवर व्हिडिओ आणि टॉर्च दोन्ही सुरू करा आणि साउंडहोलमधून मोबाइल आत सोडून ब्रिजच्या खाली हळूहळू फिरवा. माझ्या गिटारीत पहिल्यांदा बघितलं तेव्हा आत एक पिवळा पडलेला पिक, धुळीचे गोळे, आणि ब्रिजखालच्या पातळ फळीवर सहा भोकं, त्यातली तिसऱ्या आणि चौथ्या तारेची तारांच्या टोकांच्या मण्यांनी खाऊन खाऊन बदामासारखी लांबट झालेली. मणी फळीत घुसून वर सॅडलकडे यायला लागले होते. तार सारखी सुटते, पिन वर उडते, ही तक्रार असेल तर नवीन पिना घेण्याआधी हा व्हिडिओ काढा, दोष बहुतेक पिनांचा नसतो.

फ्रेट बघा. पहिल्या तीन फ्रेटवर तारांखाली खळगे असतातच, जुनी गिटार आहे. नख अडकेल एवढा खळगा असेल तर फ्रेट ड्रेसिंगचं, म्हणजे सगळ्या फ्रेट घासून एका पातळीत आणायचं, काम, ते घरी कानसीने करू नका.

तपासा: ट्यूनर, म्हणजे तार पिळायच्या खुंट्या, फिरवून बघा. उघड्या दात्यांचे असतील तर शिलाई मशिनच्या तेलाचा एक थेंब काडीच्या टोकाने. बंद डबीचे असतील तर तेल घालू नका.

## टप्पा ४: साफसफाई, आणि खोबरेल तेल नको

तारा काढताना कापून टाकू नका. ताणात असताना कात्री मारली की मानेवरचा साठ-सत्तर किलोचा ओढा एका क्षणात सुटतो. सगळ्या हळूहळू ढिल्या करा, मग कापा.

बॉडीला किंचित दमट कापड, लगेच कोरडं. हट्टी मळ असेल तर तोंडाची वाफ मारून पुसा, विचित्र वाटेल पण होतं. कार पॉलिश, फर्निचर पॉलिश, कॉलिन, यातलं काही नाही. सिलिकॉनवालं पॉलिश एकदा लाकडात किंवा भेगेत गेलं की पुढे तिथे ना गोंद धरतो ना नवं फिनिश.

फ्रेटबोर्डला आपल्या घरात हमखास सुचणारा उपाय म्हणजे खोबरेल तेल. आजीच्या फणीला चालेल, इथे नाही. थंडीत ते गोठतं, फ्रेटच्या कडेला पांढरट थर बसतो आणि धूळ धरतो. रोजवूड किंवा एबनी असेल तर मिनरल ऑइलचे तीन-चार थेंब कापडावर, अख्ख्या बोर्डला चोळून पाच मिनिटांत पूर्ण पुसून टाका. वर्षातून एकदा, फार तर दोनदा, आणि आपल्याकडे ती वेळ मार्च. फ्रेटबोर्ड फिकट पिवळसर आणि चमकदार, म्हणजे फिनिश मारलेला मेपल, असेल तर तेल अजिबात नाही.

## टप्पा ५: तारा, हलक्याच

बारा ते त्रेपन्नचा सेट (हे आकडे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) पूर्ण सुरात साधारण ७० किलोने ओढतो, दहा ते सत्तेचाळीसचा साधारण ६०. पंचेचाळीस-पन्नास वर्षांच्या गोंदावर हा फरक मोठा आहे. सुरुवात दहाच्या सेटने करा. आवाज पातळ वाटला आणि सहा महिन्यांत गिटारने काही तक्रार केली नाही तर अकरा किंवा बारा. "बारा लावल्याशिवाय मजा नाही भिया" म्हणणारे भेटतील, त्यांना त्यांच्या गिटारीवर लावू द्या.

लावताना चूक इथे होते: मणी पिनेच्या टोकाखाली अडकतो, मग ताण आला की पिन उडते. मण्याजवळ तार किंचित वाकवा, भोकात घाला, पिनेची खाच तारेकडे ठेवून पिन बसवा आणि तार वर ओढत ओढत पिन दाबा, मणी फळीला टेकल्याचं हाताला कळतं. ट्यूनरवर दोन-अडीच वेढे, खालच्या दिशेने.

पहिल्या दिवशी सगळ्या तारा एक सूर खाली लावा, म्हणजे सहावी डी. रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी ब्रिजची चिठ्ठीवाली तपासणी परत, आणि ठीक असेल तर पूर्ण सुरात.

## टप्पा ६: ट्रस रॉड

ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली सळई, हा तारांची उंची कमी करायचा स्क्रू नाहीये. तो फक्त मानेचा बाक ठरवतो. हे वाक्य मी पाटीवर लिहून लावणार आहे.

आधी मोजा. गिटार सुरात, वाजवायच्या स्थितीत मांडीवर. कॅपो (मानेवर लावून तारा दाबून धरणारा चिमटा) पहिल्या फ्रेटवर, सहावी तार बॉडी जिथे जोडते त्या फ्रेटवर दाबा, बहुतेक चौदावा. आता सातव्या फ्रेटचा माथा आणि तार यात किती फट आहे? ०.२ ते ०.२५ मिमी हवी. फीलर गेज नसेल तर व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा, अडकत अडकत गेला तर जवळपास आहात, मोकळा गेला तर बाक जास्त.

रॉड फिरवायचा नट (टप्पा ७ मधला नट वेगळा) हेडस्टॉकच्या छोट्या झाकणाखाली असतो किंवा साउंडहोलच्या आत मानेच्या टोकाला. काही जुन्या गिटारींत फिरवता येणारा रॉडच नसतो, नुसती सळई पुरलेली असते, मग हा टप्पा तुमच्यासाठी नाही. किल्ली मिमी मापाची, आणि घट्ट बसणारी. इंची सेटमधली जवळपासची किल्ली लावलीत तर षटकोन गोल होतो आणि मग रडा.

आधी किंचित सैल करा, वर्षानुवर्षं अडकलेला असतो. मग टोकाकडून बघत घड्याळाच्या दिशेने घट्ट, म्हणजे बाक कमी. एका वेळी एक अष्टमांश वळसा, परत सूर लावा, परत मोजा. दिवसात पाव वळशापेक्षा जास्त नाही.

थांबा: किल्ली वळत नाही आणि कडकड आवाज येतोय, तर जोर लावू नका. यातलं सगळं महागडं नुकसान त्या शेवटच्या जोरात होतं.

## टप्पा ७: नट, आणि मानेचा कोन

हा नट म्हणजे हेडस्टॉकजवळची खाचांची पट्टी, जिच्यावरून तारा जातात. प्रत्येक तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे दाबा, पहिल्या फ्रेटवर बघा. तार आणि फ्रेट यात केसाएवढी फट हवी, बोटाने टिचकी मारली की टिक असा बारीक आवाज येईल इतकीच. फट मोठी असेल तर पहिल्या पोझिशनचे कॉर्ड जड जातात आणि माणूस बिचारा सॅडलला दोष देतो. खाच खोल करायला योग्य जाडीची नट फाइल लागते, हेक्सॉ ब्लेडने करू नका, खाच रुंद होते आणि तार आत झणझणते. नटजवळच आणखी एक फ्रेट दिसत असेल तर ती झिरो फ्रेट, जपानी गिटारींत बरीच दिसते, तिथे उंची तीच ठरवते, नटला हात लावू नका.

आता लांब पट्टी. फ्रेटवर मधोमध ठेवा आणि ब्रिजकडे सरकवा. पट्टीचं टोक ब्रिजच्या माथ्याला टेकलं किंवा किंचित वरून गेलं तर उत्तम. ब्रिजच्या पुढच्या कडेवर जाऊन धडकलं, माथ्यापेक्षा मिमी-दीड मिमी खाली, तर मानेचा कोन गेलाय. त्याला नेक रिसेट लागतो, म्हणजे मान काढून योग्य कोनात परत बसवणं. हे काम घरी नाही, आणि दर जवळच्या दुरुस्तीवाल्याकडेही नाही. जुन्या एफजींसारख्या कितीतरी जपानी गिटारींचा सांधा उघडायला महा कटकटीचा असतो, त्यामुळे आधी स्पष्ट विचारा, "तुम्ही स्टीलस्ट्रिंगचा नेक रिसेट याआधी केलाय का?" उत्तर "हो जाएगा" असं आलं तर गिटार उचला आणि घरी या. माझ्या ओळखीत एकाच्या सुटलेल्या ब्रिजला पांढरा फर्निचरचा गोंद भरून वर दोन स्क्रू मारून दिले होते, गोंद उन्हाळ्यात हळूहळू सरकला आणि स्क्रूंनी टॉप चिरला.

## टप्पा ८: आत्ता सॅडल

बाराव्या फ्रेटचा माथा ते तारेचा तळ, पट्टीने मोजा. सहावीला २.५ मिमी आणि पहिलीला १.८ ते २ हे चांगलं माप. बाराव्या फ्रेटवर जेवढं कमी करायचं त्याच्या दुप्पट सॅडलवरून जातं. सहावीला ३.२ आहे आणि २.५ हवंय, म्हणजे ०.७ कमी, म्हणजे सॅडलवरून १.४.

घासायच्या आधी हिशोब करा, नंतर ब्रिजच्या वर सॅडल किती उरेल? दोन-अडीच मिमीपेक्षा कमी उरत असेल तर घासू नका, टप्पा ७ परत वाचा, तुमचं दुखणं मानेच्या कोनाचं आहे.

सॅडलच्या दोन बाजूंना स्क्रू दिसले तर तुमचं नशीब, ते फिरवूनच उंची बदलते.

नसेल तर मूळ सॅडल घासूच नका. ते पिशवीत घालून केसमध्ये ठेवा आणि हाडाचं नवीन कोरं आणून त्याच्यावर प्रयोग करा. हे मला ऑगस्टात सुचलं असतं तर! पेन्सिलने तळाशी रेघ मारा. १२० नंबरचा सँडपेपर काचेवर चिकटवा, सॅडल उभं धरून एकाच दिशेने, दर दहा घासण्यांनी उलटवून धरा म्हणजे एकच बाजू जास्त जात नाही. मास्क लावा, हाडाची पूड बारीक असते आणि वास जळक्या नखांसारखा येतो, घरातले विचारतात काय चाललंय. रेघेच्या पाव मिमी आधीच थांबा, २४० नंबरवर तळ सपाट करा, बसवा, सूर लावा, मोजा. तळ सपाट नसेल तर एखादी तार मेल्यासारखी वाजते.

पावसाळ्यात करणं भागच असेल तर मापापेक्षा ०.३ मिमी उंच ठेवा. उन्हाळा ते खाऊन टाकेल.

## टप्पा ९: वर्षभर वाजवताना

वाजवून झालं की तारा आणि फ्रेटबोर्ड कोरड्या कापडाने. पंधरा दिवस हात लागणार नसेल तर अर्धा सूर उतरवून केसमध्ये. भिंतीच्या हँगरवर आपल्याकडे एप्रिल ते जून तर नकोच.

उज्जैन, देवास, कुठे कार्यक्रमाला नेताना डिकीत ठेवून चहाला उतरू नका. मे मधल्या उन्हात बंद गाडीत गोंद मऊ पडतो आणि ब्रिज नेमका तेव्हाच सुटतो. केस खांद्याला लावून पोहे खायला जा, लोक बघतील, बघू द्या.

पिकअपसाठी बॉडीला भोक पाडायचा सल्ला कोणीतरी देईलच. साउंडहोलमध्ये अडकवायचा पिकअप घ्या, तो काढता येतो.

आणि वहीत तारीख टाकून चार आकडे लिहा: ओलावा, सातव्या फ्रेटची फट, बाराव्याला सहावी, बाराव्याला पहिली. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर. पहिल्या वर्षी कशालाही हात न लावता फक्त लिहा. माझ्या वहीत मे आणि ऑगस्टमध्ये सहाव्या तारेचा फरक पाऊण मिमी आहे, मी आता दोन सॅडल ठेवतो, एक मार्च ते जून आणि एक जुलै ते फेब्रुवारी, बदलायला दहा मिनिटं लागतात.